वेंडेलच्या ताटातला घेवडा

वेंडेल ग्रुबरचा हात एकदा हातात घेतला की विसरता येत नसे. तळवा फावड्याएवढा, बोटं जाडजूड. रीटाच्या खानावळीत सकाळी कॉफीला जमणाऱ्या पुरुषांमध्ये पंजा लढवायची टूम निघाली, की वेंडेल नुसता बाही सरसावायचा आणि समोरचा हसत खुर्ची मागे घ्यायचा. नोरीन माझी थोरली बहीण, वेंडेल तिचा नवरा. आमची घरं समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. म्हणून त्याचं सगळं मला जवळून बघायला मिळालं, आणि जे दिसलं नाही ते नोरीनने सांगितलं.

आमच्या लिंडेल गावाच्या आसपास मका पिकतो आणि डुकरं वाढतात. वेंडेलने तारुण्यापासून एकच काम केलं. शेतांवरची डुकरं ट्रकमध्ये भरायची आणि कत्तलखान्यावर पोचवायची. कधी म्हाताऱ्या गायी, कधी कोंबड्या. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि आम्हालाही नाही. आम्ही सगळे त्या धंद्यावरच जगतो.

एका फेब्रुवारीत रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता. वळणावर त्याचा ट्रक घसरला आणि भरलेल्या डुकरांसकट खड्ड्यात आडवा झाला. वेंडेलला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण मदत यायला वेळ लागला आणि तोवर तो खड्ड्याच्या काठावर बसून ट्रकमधल्या डुकरांचा आवाज ऐकत राहिला. दार पिळवटून गेलं होतं, त्याच्या त्या हातांनाही ते उघडेना. एक तरुण डुकरीण कशी कोण जाणे फटीतून बाहेर आली, लंगडत त्याच्याजवळ गेली आणि थंडीने त्याच्या पायाला चिकटून उभी राहिली. मोडक्या पायाचं जनावर मालकाला नको होतं. वेंडेलने तिला घरी आणलं. नोरीनने तिचं नाव बर्था ठेवलं.

त्या दिवसापासून त्याने मांस सोडलं. नोरीनला वाटलं, धक्का बसलाय, आठवड्याभरात ठीक होईल. आठवड्याने त्याने अंडी बाजूला सारली. मग कॉफीतलं दूध.

"अरे, दुधाने तुझं काय घोडं मारलंय?" नोरीन म्हणाली.

"आटलेल्या गायी कोण नेत होतं? मीच ना? माझ्यासारख्याच्या ट्रकमधून जे जातं, त्यातलं मी काही खाणार नाही. बस."

ट्रकचं कामही सोडलं. धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसायची नोकरी धरली.

आता डुकरांच्या गावात व्हीगन होणं म्हणजे काय, ते रीटाच्या खानावळीत रोज सकाळी कळायचं. वेंडेल आत आला की कोणीतरी ओरडायचं, "रीटा, याच्यासाठी पेंढा आण गं!" मग दुसरा, "वेंडेल, चेष्टा सोड, पण प्रोटीन कुठून मिळतं रे तुला?"

"घोड्याला कुठून मिळतं? बैलाला कुठून मिळतं?" वेंडेल म्हणायचा. "ये, पंजा लढव, दाखवतो."

सुरुवातीला कोणी लढवला, तर तोच जिंकायचा. त्याच्या शेजारच्या खुर्चीत एमिट स्टाल असायचा. एमिट त्याचा बालमित्र, गावात यंत्रं दुरुस्त करायचा. तो आपला बेकन चावत म्हणायचा, "खाऊ द्या रे त्याला गवत. माझ्या वाटणीला एक तुकडा जास्त येतो." आणि वेंडेलच्या पाठीवर थाप मारायचा. वेंडेलला चिडवायचा हक्क एमिटलाच होता, बाकीच्यांनी मर्यादा सोडली की तोच त्यांना गप्प करायचा.

नोरीनने मात्र हे मनावर घेतलं. माझी बहीण कोणतंही काम अर्धवट करत नाही. तिने वाचनालयातून पुस्तकं आणली. मांस सोडलं तर प्रथिनांसाठी रोज डाळी, घेवडा, वाटाणे, सोयाबीन, दाणे असं काही ना काही पोटात गेलंच पाहिजे, हे तिने पाठ केलं. टोफू आणायला ती गाडी काढून शहरात जायची. काळ्या घेवड्याच्या टिकिया, मसुराचं घट्ट सूप, पांढऱ्या घेवड्याचा टोमॅटो घालून केलेला रस्सा. मला चाखायला बोलवायची. पहिले काही बेत अगदीच मातीसारखे होते, पण नंतर तिचा हात बसला. मसुराचं सूप तर मी मागून नेत असे.

वेंडेल बटाटे, पाव, मका समोर बसून खायचा आणि घेवड्याची वाटी किंवा सूप उचलून मागच्या पायरीवर जायचा. "बाहेर जरा हवेत बसतो," म्हणायचा. रिकामी वाटी घेऊन परत यायचा. नोरीनला बरं वाटायचं. आपल्या हातचं सगळं संपतंय म्हणून ती आणखी वाढायची.

पहिलं वर्ष सरता सरता तो वाळायला लागला. पट्ट्याला नवी भोकं पडली. शर्टाचे खांदे खाली ओघळले. कोणी विचारलं तर म्हणायचा, "वजन उतरलं, गुडघे सुटले. तुम्हीपण करून बघा." पण पंजा लढवायचं त्याने हळूच थांबवलं. एकदा मी लोणच्याची घट्ट बसलेली बरणी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली, दोनदा पिळली आणि परत दिली. "हात तेलकट आहेत," म्हणाला. हात कोरडे होते. मी घरी येऊन बरणी गरम पाण्यात धरली आणि उघडली.

आणि बर्था? बर्था अशी फोफावली की बघत राहावं. कातडी चमकदार, पाठ पलंगाएवढी. टपाल टाकणारा लेरॉय कुंपणाशी थांबून म्हणायचा, "वेंडेल, तू खातोस ते तिला दे आणि ती खाते ते तू खा!" वेंडेल त्यावर हसायचा नाही.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये एमिट गेला. दुपारी जेवून आरामखुर्चीत डोळा लागला तो लागलाच. त्याच्या बायकोला, ओपलला, वाटलं झोपलाय. ती त्याच्या पायांवर चादर घालून गेली.

शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात. एमिटचा मुलगा कर्ट वेंडेलकडे आला. कर्ट आता चाळिशीचा आहे, शेती करतो, बोलायला फटकळ. मी तेव्हा नोरीनच्या स्वयंपाकघरातच होते.

"बाबांना तूच हवा असणार, वेंडेलकाका," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "जमेल ना? नाहीतर आमच्या शेजारच्या स्टीवला सांगतो. राग मानू नकोस, पण तू जरा…"

"जमेल ना म्हणजे?" वेंडेल ताठ झाला. "तुझ्या बापाला मी एकटा उचलून नेईन. लहानपणी नदीतून उचलून बाहेर काढलाय मी त्याला."

कर्टने मान डोलावली आणि तो गेला. नोरीन वेंडेलकडे बघत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

आमच्या चर्चच्या पुढच्या पायऱ्या सिमेंटच्या आहेत, चांगल्या उंच. प्रार्थना झाली, सगळे बाहेर येऊन दोन्ही बाजूंना उभे राहिले, आणि सहा जण पेटी घेऊन दारातून आले. पेटी ओकची होती. एमिट काही किरकोळ माणूस नव्हता. वेंडेल पुढच्या कोपऱ्याला होता, त्यामुळे उतरताना भार त्याच्याकडे येत होता. त्याचा चेहरा मी पाहिला. तो पांढराफटक पडला होता आणि ओठ आवळले होते. अजूनही तो "थांबा" म्हणू शकला असता. दोन पायऱ्या उतरला आणि त्याचे गुडघे वाकले. मूठ सुटली.

पेटीचा कोपरा सिमेंटवर आदळला. बाकीच्या पाचांनी कशीबशी धरली म्हणून ती उलटली नाही, पण वरची फुलं घसरून पायऱ्यांवर सांडली. तो आवाज अंगणभर घुमला. ओपलने तोंडावर हात ठेवला. वेंडेल गुडघ्यांवर पडला होता आणि दांडी परत पकडायला चाचपडत होता. मागच्या दांडीला असलेला कर्ट ती गर्दीतल्या स्टीवच्या हातात देऊन पुढे आला. त्याने वेंडेलला खांद्याने बाजूला केलं.

"सोड. सोड ते. बाजूला हो."

वेंडेल बाजूला झाला. सहा जण पेटी घेऊन गेले आणि तो पायरीवर, सांडलेल्या फुलांमध्ये तसाच बसून राहिला. गर्दीत मागे कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "याला कोणीतरी डुकराचा एक चॉप खाऊ घाला रे." आणि कोणीतरी हसलं. वेंडेलने ते ऐकलं. त्याचे कान, मान, सगळं लाल झालं. दफनाला तो आला नाही. नोरीनने त्याला गाडीत बसवून घरी नेलं.

त्यानंतर तो रीटाकडे गेला नाही. कोठारावर आजारी असल्याचं कळवलं. मी त्यांच्याकडे गेले की तो गोठ्यात निघून जायचा. गावभर एकच चर्चा होती. पास्टर घरी येऊन गेले, तेसुद्धा निघताना म्हणाले, "वेंडेल, देवाने जनावरं माणसासाठीच दिलीत, असं लिहिलंय बाबा." सगळ्यांना, आणि खरं सांगायचं तर मलाही, वाटत होतं की आता तो मांस खाईल आणि हे प्रकरण मिटेल.

नोरीनने त्याला दवाखान्यात नेलं. तिथली नर्स, मिस टकर, आमच्याकडे डॉक्टरचंच काम करते. तिने रक्त तपासलं, दंड मापले, त्याला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. त्याला उठता आलं नाही. ती म्हणाली, "तुझे स्नायू झिजलेत, वेंडेल. तू मांस सोडलंस, ते तुझं तू बघ, त्याने काही अडत नाही. पण त्याच्या जागी काय घेतोस? दिवसभरात काय काय खातोस?"

त्याच्याऐवजी नोरीननेच उत्तर दिलं. मसूर, घेवडा, टोफू, कशात काय घालते तेसुद्धा. मिस टकर ऐकत होती आणि तिच्या कपाळाला आठी पडत होती. "हे सगळं खाऊन असं होणार नाही," ती म्हणाली. "वेंडेल?"

तो खुर्चीत मागे सरकला. मग म्हणाला, "ते बर्थाला जातं."

"बर्था कोण?"

"डुकरीण."

मिस टकरला हसू आलं असणार, पण नोरीनचा चेहरा बघून ती हसली नाही. तिने शांतपणे सांगितलं, "बटाटा, पाव आणि मक्यावर या वयात अंगात ताकद राहत नाही. प्रत्येक जेवणात डाळ, घेवडा, टोफू, दाणे यांतलं काहीतरी हवंच. बी-बारा जीवनसत्त्वाची गोळी घे, ते झाडपाल्यातून मिळत नाही. आणि रोज थोडं वजन उचल, हलक्यापासून सुरू कर." इतकंच. काही अवघड नव्हतं. नोरीनला यातलं सगळं आधीच ठाऊक होतं.

त्याला घरी सोडून नोरीन थेट माझ्याकडे आली, कोट न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दीड वर्ष मी एका डुकरिणीसाठी स्वयंपाक करत होते." मला वाटलं ती हसेल. ती रडायला लागली. "मी वाटी घासायची ना, तेव्हा मनात म्हणायची, बघ, किती आवडीने खातो. अगं बेव्ह, मला एवढी लाज वाटतेय. सगळ्या बायकांना मी पाककृती वाटत सुटले होते."

वेंडेलने तिला कारण सांगितलं ते पुढे काही दिवसांनी. त्याचा बाप घर सोडून गेला तेव्हा आईच्या पदरात पाच मुलं होती. सरकारी मदतीत वाळलेला पांढरा घेवडा मिळायचा आणि त्याची आई रोज तोच शिजवायची. सकाळी तो, दुपारी तो. शाळेच्या डब्यात पावात घातलेला थंडगार घेवडा. बाकीच्यांच्या डब्यात हॅम. मुलं त्याला 'घेवड्या' म्हणायची आणि तो बाकावर बसला की तोंडाने पादल्याचे आवाज काढायची. पहिला पगार हातात आला त्या दिवशी त्याने मांसाचा मोठा तुकडा आणून आईपुढे ठेवला, आणि पुन्हा आयुष्यात घेवड्याला तोंड लावायचं नाही असं ठरवलं. मांस सोडणं त्याला जमलं. पण घेवडाच काय, मसूर, टोफू, तसलं काहीही तोंडाजवळ नेलं की घसा बंद व्हायचा. आणि ते सांगायचीही लाज.

"मला सांगितलं असतंस तर मी दुसरं काहीतरी केलं असतं," नोरीन म्हणाली.

"तू इतकं करत होतीस. कसं सांगू?"

"मग फेकायला कसं जमलं?"

ती त्याच्यावर बरेच दिवस नाराज होती. पण स्वयंपाक तिने थांबवला नाही, फक्त आता त्याला मागच्या पायरीवर जाऊ देत नसे. समोर बसायची. घेवडा वाटून बटाट्यात मिसळायची, टोफू कुस्करून हळद-मिरपूड घालून परतायची, सोयाचं दूध घालून लापशी करायची. मी एकदा अचानक गेले तेव्हा तो मसुराच्या वाटीसमोर बसला होता, डोळ्यांत पाणी, घास तोंडात आणि गिळवत नव्हता. मला बघून त्याने मान वळवली. मी परत फिरले. साठीला आलेल्या माणसाला असं बघायला नको.

ओपलकडे तो एकटाच गेला. तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "मी नीट खात नव्हतो. माझ्यात ताकद उरली नव्हती."

"तू काय खातोस नि काय नाही, त्याच्याशी मला देणंघेणं नाही," ओपल म्हणाली. "कर्टने तुला विचारलं होतं ना? जमत नाही म्हणायला काय झालं होतं तुला? दुसऱ्या कोणी उचललं असतं. तू नुसता बाजूने चालला असतास तरी एमिटला पुरलं असतं." मग ती म्हणाली, "तो किती शांतपणे गेला, वेंडेल. मला तेवढंच आठवायचं होतं. आता डोळे मिटले की तो आवाज येतो."

वेंडेल हातातली टोपी कुस्करत उभा राहिला आणि तिने दार लावल्यावर घरी आला. हे सगळं त्याने नोरीनला जसंच्या तसं सांगितलं. स्वतःच्या बाजूने एक शब्द घातला नाही.

हिवाळ्यात तो रोज गोठ्यात धान्याच्या पिशव्या उचलायचा, आधी अर्ध्या, मग भरलेल्या. खांदे थोडे भरले. घसा सुटायला वेळ लागला, पण सुटला. मसूर पहिल्यांदा आवडायला लागला, मग काळा घेवडा. पांढरा घेवडा त्याने आजवर खाल्लेला नाही आणि नोरीन करत नाही. रीटाकडे तो पुन्हा जायला लागला. "प्रोटीन कुठून मिळतं रे?" असं एकदा कोणी सवयीने विचारलं. वेंडेल म्हणाला, "मिळत नव्हतं. मी नीट खात नव्हतो, आणि तुमच्यापुढे फुशारकी मारत होतो." रीटाने टेबलावर उगाच फडकं फिरवलं. त्याला पुन्हा कोणी विचारलं नाही.

मे महिन्यात ओपलने मोठं घर सोडून गावातल्या छोट्या घरात जायचं ठरवलं. कर्टने माणसं जमवली. वेंडेलला कोणी सांगितलं नव्हतं. तो आपला गेला आणि अंगणात उभा राहिला. मी आणि नोरीन आत भांडी बांधत होतो, खिडकीतून दिसत होतं. कर्टने त्याच्याकडे बघितलं, मग अंगणातल्या खोक्यांकडे बोट दाखवलं. उशा, दिव्यांची झाकणं, पडदे. वेंडेल दिवसभर तेच नेत राहिला. दुपारी कपड्यांचं जड कपाट निघालं तेव्हा एक माणूस कमी पडत होता. वेंडेल दोन पावलं पुढे आला.

"मी धरतो, कर्ट. आता जमतं मला."

"नको," कर्ट म्हणाला. रागाने नाही, पण त्याच्याकडे न बघता. "राहू दे. लेरॉय येतोय." आणि सगळे कपाटाशेजारी उभे राहून लेरॉयची वाट बघत राहिले. वेंडेलही उभा राहिला, काखेत उशी घेऊन. नोरीनने खिडकीतून नजर काढली आणि एकच बशी पुन्हा पुन्हा कागदात गुंडाळत राहिली.

शेवटचं सामान चढल्यावर ओपलने पायरीवर कॉफी आणली. एकेकाला देत ती वेंडेलपाशी आली.

"दूध चालत नाही ना तुला?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

ती आत गेली आणि त्याच्यासाठी काळी कॉफी घेऊन आली. त्याने दोन्ही हातांनी कप धरला, मान खाली घालून "थँक्यू, ओपल" म्हणाला, आणि ती पुढच्या माणसाकडे वळली.